कटआउट बदलण्याआधी: जुन्या गाडीची चार्जिंग चालते कशी आणि अडते कुठे

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी उतरली. टॅक्सी गेल्या, पण खाजगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी, जुन्या फियाट आणि ॲम्बॅसिडर अजून आहेत. जुलै २०२१मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली. तेव्हापासून 'गाडी जशी होती तशी ठेवायची' हा आग्रह पुन्हा वाढला आहे. अशी गाडी महिन्यातून एकदा बाहेर निघते आणि त्याच दिवशी डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझायचं नाव घेत नाही. वायरमन बॉनेट उघडतो, चार्जिंगवर ताबा ठेवणारा काळा डबा ठोकून बघतो आणि निकाल देतो: "कटआउट गेला."

कधी तो खरंच गेलेला असतो. बऱ्याचदा मात्र दोष दुसरीकडे असतो. नवा कटआउट बसवल्यावर गाडी चार दिवस बरी चालते आणि मग तोही जळतो.

पुढचे आकडे लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या १२ व्होल्ट डायनॅमोचे (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) आहेत, म्हणजे सी३९, सी४० आणि त्यांच्यासारखी मॉडेलं. या पद्धतीत फील्ड कॉइलचं (डायनॅमोतल्या चुंबकाच्या गुंडाळीचं) एक टोक डायनॅमोच्या आतच अर्थ केलेलं, म्हणजे बॉडीला जोडलेलं असतं. काही परदेशी गाड्यांत ते टोक रेग्युलेटरमधून, म्हणजे व्होल्ट आवरणाऱ्या भागातून अर्थ होतं. तिथे इथली चाचणी लावली तर नुकसान होईल, म्हणून आधी गाडीचं वायरिंग डायग्राम बघा. डायनॅमो आहे की अल्टरनेटर हेही आधी ठरवा. लांबट बंद नळकांडं आणि मागे एक मोठं, एक लहान टर्मिनल असेल तर डायनॅमो. आखूड, जाड आणि अंगावर भरपूर जाळीदार फटी असतील तर अल्टरनेटर.

डायनॅमोला आवर का घालावा लागतो

डायनॅमोमध्ये तांब्याच्या तारांचं आर्मेचर चुंबकीय क्षेत्रात फिरतं आणि वीज तयार होते. हे क्षेत्र निर्माण करणारी स्थिर गुंडाळी म्हणजे फील्ड कॉइल. आर्मेचर जितकं वेगात फिरेल आणि फील्डमधून जितका जास्त करंट जाईल, तितके व्होल्ट वाढतात. यातला वेग आपल्या हातात नसतो. सिग्नलला इंजिन ७०० फेऱ्यांवर असतं, हायवेवर ४००० वर. मोकळा सोडला तर डायनॅमो ३० व्होल्टच्याही वर जाईल आणि बल्ब, बॅटरी, शेवटी स्वतःची गुंडाळी जाळून टाकेल.

म्हणून आवरायचं ते फील्डला. लुकास डायनॅमोच्या फील्डचा रोध सुमारे ६ ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टला त्यातून जेमतेम २ अँपिअर जातात. या २ अँपिअरवर ताबा ठेवला की २२ अँपिअर देणारं यंत्र ताब्यात राहतं.

डब्यात काय असतं

बॉनेटखालच्या काळ्या झाकणाच्या डब्याला गॅरेजमध्ये सरसकट कटआउट म्हणतात, पण आत दोन वेगळी कामं चालतात. लुकास आरबी१०६ मध्ये त्यासाठी दोन गुंडाळ्या असतात, नंतरच्या आरबी३४० मध्ये तीन.

पहिलं काम रेग्युलेटरचं. त्याच्या पॉइंटमधून फील्डला करंट जातो. व्होल्ट ठरलेल्या पातळीला पोचले की गुंडाळी लोखंडी पट्टी ओढते, पॉइंट उघडतात आणि फील्डच्या वाटेत सुमारे ६० ओहमचा रेझिस्टर येतो. फील्ड दुबळं होतं, व्होल्ट पडतात, पट्टी सुटते, पॉइंट पुन्हा मिटतात. इस्त्रीचा थर्मोस्टॅट टिकटिक करत चालू-बंद होऊन कपड्यापुरती उष्णता राखतो, तसंच हे. फरक इतकाच की इथे उघडझाप सेकंदाला अनेक डझन वेळा होते. बोट हलकं टेकवलं तर पट्टीची थरथर जाणवते.

दुसरं काम खऱ्या कटआउटचं, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी जोडायचं आणि तोडायचं. डायनॅमोचे व्होल्ट १२.७ ते १३.३ च्या दरम्यान आले की त्याचे जाड पॉइंट मिटतात. इंजिन स्लो झालं आणि बॅटरीतूनच उलटा करंट वाहू लागला, की तो करंट जाड गुंडाळीतून जाताना चुंबक कमजोर करतो आणि पॉइंट उघडतात. हे पॉइंट चिकटून बसले तर इंजिन बंद असतानाही बॅटरी डायनॅमोला मोटर समजून फिरवायला बघते. पट्ट्याने बांधलेला डायनॅमो फिरू शकत नाही, वायर तापते आणि धूर येतो. अशा वेळी चावी काढून काही होत नाही. बॅटरीचं टर्मिनल उपसून काढायचं, आणि तेही लगेच.

आरबी३४० मधली तिसरी गुंडाळी करंटवर नजर ठेवते. बॅटरी उतरलेली असताना डायनॅमोला त्याच्या पूर्ण क्षमतेपर्यंत काम करू द्यायचं, पण त्यापुढे नाही. आरबी१०६ मध्ये हेच काम रेग्युलेटरवरचे काही जाड वेढे ओबडधोबडपणे करतात: लोड वाढला की व्होल्ट आपसूक थोडे खाली येतात. त्यामुळे आरबी१०६ ची लोडविना सेटिंग १६ व्होल्टच्या आसपास दिसली तर दचकू नका. ती तशीच असते. आरबी३४० ची मात्र १४.५ ते १५ च्या आसपास असते.

लाल दिवा विझला म्हणजे चार्जिंग ठीक, असं नाही का?

नाही. दिव्याचं एक टोक इग्निशनच्या वायरला आणि दुसरं डायनॅमोच्या डी टर्मिनलला, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या टोकाला असतं. दोन्हीकडे सारखे व्होल्ट झाले की तो विझतो. विझलेला दिवा एवढंच सांगतो की डायनॅमो बॅटरीच्या बरोबरीला आला आहे. तो १३ व्होल्ट देतोय की १७, हे दिव्याला कळत नाही. बॅटरी उकळत असतानाही दिवा शांत असतो.

तरी दिव्याकडे नीट बघितलं तर तो बरंच बोलतो. स्लोमध्ये लुकलुकणं स्वाभाविक आहे. सी४० साधारण १४५० फेऱ्यांच्या वर गेल्यावरच चार्जिंगला लागतो आणि त्याच्या २२५० फेऱ्यांच्या आसपास पूर्ण भरात येतो. रेस केल्यावरही मंद लालसर धग राहिली तर कटआउटचे पॉइंट काजळलेत किंवा एखादा लग (वायरच्या टोकाची धातूची पट्टी) सैल आहे. आणि रेस केल्यावर दिवा विझण्याऐवजी जास्तच प्रखर होत गेला, तर डब्याची अर्थ वायर तुटली असण्याची दाट शक्यता आहे. अर्थ नाही म्हणजे गुंडाळ्यांना काम करता येत नाही, रेग्युलेटर आवरत नाही, कटआउट जोडत नाही, आणि डायनॅमो मोकाट सुटतो. इंजिन ताबडतोब बंद करा.

दोष कटआउटचाच, हे कशावरून?

क्रम महत्त्वाचा आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे.

सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. महिनाभर उभी असलेली गाडी धक्क्यावर सुरू करून चार्जिंग तपासू नये. उतरलेली बॅटरी व्होल्ट खाली ओढून ठेवते आणि निर्दोष रेग्युलेटर गुन्हेगार ठरतो. आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा. मग फॅनबेल्ट: दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच हलावा. पट्टा चकाकत असेल तर तो घसरतो आहे.

त्यानंतर डायनॅमोची मुळातून चाचणी, तीही डब्याचा संबंध न येऊ देता. डायनॅमोवरच्या डी आणि एफ (फील्डची) या दोन्ही वायरी काढा. दोन्ही टर्मिनल छोट्या वायरने एकमेकांना जोडा. मल्टिमीटरचं एक टोक या जोडाला, दुसरं डायनॅमोच्या अंगाला. इंजिन स्लोमध्ये सुरू करून हळूहळू रेस करा. व्होल्ट न अडखळता चढत गेले पाहिजेत. २० पर्यंत जाऊ देऊ नका आणि इंजिन १००० फेऱ्यांपुढे नेऊ नका, कारण आता त्याला आवरणारं कोणी नाही. काहीच वाचन नसेल तर कार्बन (आर्मेचरवर घासून वीज बाहेर आणणारे ब्रश) बघा: झिजलेत, अडकलेत की स्प्रिंग मेली. अर्धा ते एक व्होल्टवर थांबलं तर फील्ड कॉइलवर संशय. चार-पाच व्होल्टवर अडकलं तर आर्मेचर. फॅनजवळ काम आहे. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी दूर ठेवा.

डायनॅमो पास झाला की वायरी. डी आणि एफ दोन्ही टोकांना सुट्या करून त्यांची सलगता तपासा, आणि दोन्हींपैकी कोणतीही बॉडीला किंवा एकमेकींना लागत नाही ना तेही. वर्षानुवर्षं इंजिनच्या उष्णतेत भाजलेलं इन्सुलेशन क्लिपखाली फाटतं. एफची वायर डीला चिकटली तर रेग्युलेटर बाजूला पडतो आणि बॅटरी उकळते. एफ अर्थला लागली तर फील्डऐवजी सगळा करंट रेग्युलेटरच्या नाजूक पॉइंटमधून सरळ जमिनीत जातो, आणि पॉइंट जळतात.

शेवटी अर्थ. जोडाची छोटी वायर काढून डी आणि एफ पुन्हा जागेवर लावा. डायनॅमोचं अंग आणि डब्याचं ई (अर्थ) टर्मिनल यांच्यामध्ये, इंजिन रेस करून आणि हेडलाइट लावून, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. रंगरंगोटी करून आणलेल्या गाड्यांत हा दोष फार दिसतो. बॉनेटखाली सुंदर नवा रंग मारलेला असतो आणि डब्याचा स्क्रू त्या रंगावरच कसलेला असतो.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी चार्जिंग होत नसेल किंवा १५ व्होल्टच्या वर राहत असेल, तरच डब्याकडे वळायचं.

पॉइंट घासून भागणार नाही का?

बऱ्याचदा भागतं. उभ्या गाडीत पॉइंटवर ऑक्साइड चढतो, जळलेले नसतात. बॅटरी सोडवून झाकण काढा. दोन्ही पॉइंटला एकच कागद लावू नका, इथे हमखास चूक होते. रेग्युलेटरचे पॉइंट कठीण असतात, ते बारीक सिलिकॉन कार्बाइड पेपरने किंवा कार्बोरंडम दगडाने साफ होतात. कटआउटचे पॉइंट मऊ असतात; त्यांना फक्त बारीक काचकागदाची पट्टी. एमरी किंवा कार्बोरंडमचे कण त्या मऊ धातूत रुततात आणि पुन्हा ठिणग्या सुरू होतात. नंतर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापडाने पुसा.

सेटिंगचा स्क्रू फिरवायचा मोह मात्र आवरा. लोखंडी पट्टी आणि गुंडाळीमधली फट कारखान्यात ठरवलेली असते. एकदा ती बिघडली की घरच्या हत्यारांनी जुळवणं अवघड. फिरवायचाच झाला तर आरबी१०६ मध्ये ए (बॅटरीकडची) आणि ए१ (गाडीच्या लोडकडची) वरच्या वायरी काढून एकत्र जोडतात, डी आणि ई मध्ये मीटर लावतात, इंजिन हळूहळू चढवतात आणि काटा स्थिर होईल तिथलं वाचन घेतात. काटा म्हटलं ते मुद्दाम: थरथरणाऱ्या पॉइंटसमोर स्वस्त डिजिटल मीटरचे आकडे नुसते नाचत राहतात, इथे जुना काट्याचा मीटर बरा. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकायचं, नाहीतर गुंडाळी तापून वाचन बदलतं. आरबी३४० ला स्क्रूच नाही, दातेरी कॅम आहे आणि त्याला वेगळं हत्यार लागतं.

गुंडाळी करपलेली, रेझिस्टर तुटलेला किंवा पॉइंटला खड्डे पडलेले असतील तर वेळ घालवू नका. बदला.

नवा घेताना

तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: व्होल्ट, डायनॅमोचे अँपिअर आणि अर्थची दिशा. सी३९ हा १९ अँपिअरचा, सी४० मधला नेहमीचा २२ चा. २२ अँपिअरचा डबा १९ च्या डायनॅमोला लावला तर उतरलेल्या बॅटरीवर डायनॅमो स्वतःला जाळून घेईल.

अर्थची दिशा जुन्या इंग्लिश घडणीच्या गाड्यांत विशेष तपासा. बऱ्याच गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं आणि काही गाड्या मधल्या काळात कोणीतरी उलट्या करून ठेवलेल्या असतात. गुंडाळीच्या डब्याला याने फारसा फरक पडत नाही. हल्ली जुन्याच झाकणाखाली इलेक्ट्रॉनिक सर्किट भरलेले डबे मिळतात. त्यात पॉइंट नसल्याने घासायचं काही नाही, व्होल्ट स्थिर राहतात आणि बाहेरून गाडी मूळ दिसते. मूळपणापेक्षा भरवसा हवा असेल तर हाच पर्याय चांगला. पण अर्थ उलटा असेल तर तो पहिल्याच क्षणी मरतो, त्याला दुसरी संधी नाही. करंटवर मर्यादा घालणारा आहे का, हे विकत घेण्याआधी विचारा. 'सगळ्या गाड्यांना चालतो' असं पाकिटावर लिहिलेला डबा घेऊ नका.

अल्टरनेटरचा रेग्युलेटर इथे चालत नाही आणि इथला तिथे. अल्टरनेटरमध्ये डायोड उलटा करंट अडवतात, त्यामुळे त्याच्या रेग्युलेटरमध्ये कटआउट नसतोच.

बसवणं

बॅटरीचं अर्थ टर्मिनल आधी काढा. जुन्या जोडणीचा मोबाइलवर फोटो घ्या आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीची चिठ्ठी लावा: डी, एफ, ई, ए, ए१. लुकासच्या पद्धतीत डीला पिवळी किंवा तपकिरी-पिवळी, एफला पिवळी-हिरवी किंवा तपकिरी-हिरवी, अर्थला काळी वायर असते. पण पन्नास वर्षांत हाताला येईल ती वायर जोडली गेलेली असते, तेव्हा रंगावर नाही, मीटरवर विसंबा. आरबी३४० वर ए आणि ए१ च्या जागी दोन बी टर्मिनल आणि दिव्यासाठी डब्ल्यूएल दिसेल.

डबा उभाच बसवा, टर्मिनल खाली. स्क्रूखालचा रंग धातू दिसेपर्यंत खरवडा आणि ई वरून डायनॅमोच्या अंगापर्यंत एक स्वतंत्र वायर टाका. तासाभराचं काम, पण पुढचे निम्मे दोष यानेच टळतात. लग काळे पडले असतील तर बदला. एफ, डी, ई, मग ए आणि ए१ जोडा. ए आणि डी ची अदलाबदल झाली तर बॅटरी सरळ डायनॅमोत रिकामी होईल, म्हणून इथे दोनदा बघा. बॅटरी सगळ्यात शेवटी. टर्मिनल टेकवताना मोठी ठिणगी उडाली तर तिथेच थांबा, काहीतरी उलटं लागलं आहे.

डायनॅमो उघडला असेल, नवा असेल किंवा गाडी फार काळ उभी असेल तर त्यातलं शिल्लक चुंबकत्व जागवावं लागतं. डायनॅमोच्या एफ टर्मिनलवरची वायर काढून ठेवा आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाची वायर त्या टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. वायर काढायला विसरलात तर तोच झटका नव्या डब्यात जाईल. फक्त डबा बदलला असेल तर याची गरज नसते.

आता इंजिन १५०० ते २००० फेऱ्यांवर ठेवून बॅटरीवर मीटर लावा. भरलेल्या बॅटरीवर, लाइट बंद असताना १३.८ ते १४.५ हवेत. हेडलाइट लावल्यावर रेसमध्ये १३ च्या खाली जायला नको. १५ च्या वर स्थिर राहिले तर थांबा आणि अर्थ पुन्हा तपासा. दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन गरम झालं की परत वाचन घ्या. व्होल्ट किंचित उतरलेले दिसतील. तो दोष नाही, उन्हाळ्यात बॅटरी उकळू नये म्हणून पट्टीच्या स्प्रिंगमध्ये तशी सोय केलेली असते.

बॅटरी काढून गाडी चालते का बघितलं तर?

ही चाचणी फार लोकप्रिय आहे आणि फार महाग पडते. धावत्या इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढलं की चढउतार पचवणारं काही उरत नाही. डायनॅमोच्या गाडीत बल्ब उडतात, अल्टरनेटरच्या गाडीत डायोड जातात, आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन्हीकडे मरतो. शिवाय चार्ज होत असलेल्या बॅटरीवर हायड्रोजन असतो आणि तिथेच तुम्ही ठिणगी पाडता. मीटर असताना याची काहीच गरज नाही.

एवढी कटकट, मग अल्टरनेटरच का नको?

रोज रात्री चालवायची गाडी असेल तर जरूर बसवा. सिग्नलला उभ्या गाडीत डायनॅमो काही देत नाही, अल्टरनेटर देतो. मात्र ३५ किंवा ४५ अँपिअरचा अल्टरनेटर जुन्या २२ अँपिअरच्या वायरी आणि जुन्या अँमीटरमधून नेऊ नका. जाड वायर स्वतंत्र टाका. मूळ डायनॅमो, ब्रॅकेट आणि डबा जपून ठेवा. मूळपणाला गुण असतात त्या रॅलीत हे लगेच नजरेत येतं.

महिन्यातून दोन-चारदा निघणाऱ्या गाडीला डायनॅमो पुरतो, हिशेब सांभाळला तर. २२ अँपिअरचा डायनॅमो म्हणजे साधारण ३०० वॉट. ४५ वॉटचे दोन हेडलाइट ७ अँपिअर खातात, मागचे आणि डॅशचे दिवे २, इग्निशन कॉइल ३ ते ४, वायपर ३. एकूण १५-१६. पावसात रात्री गाडी चालवूनही बॅटरीला ६ अँपिअर उरतात. याच गाडीत कोणी १०० वॉटचे हॅलोजन टाकले की हेडलाइटच १५ घेतात, बेरीज २४ वर जाते, आणि मग नवा कटआउट बसवूनही बॅटरी उतरतच राहते. मागचे दिवे आणि पार्किंग एलईडी करून एक-दीड अँपिअर वाचतो. हेडलाइटला रिले लावला तर तेवढ्याच वॉटमध्ये उजेड वाढतो, कारण जुन्या स्विचमध्ये गळणारे व्होल्ट बल्बपर्यंत पोचतात.